फॉरमॅट मारण्याआधी: कॉम्प्युटर नेमका कशासाठी थांबतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: घरी २०१७ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केल्यावर वापरण्याजोगा व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. काम करताना मधेच अडकतो. माउसचा बाण फिरतो, पण क्लिक केलेलं काही उघडत नाही; एक-दोन मिनिटांनी सगळ्या खिडक्या एकदम उघडतात. वडील त्यावर सोसायटीचे हिशोब ठेवतात, मुलगी कॉलेजचे प्रोजेक्ट करते. आतापर्यंत दोनदा फॉरमॅट मारून झालं. दुकानदार म्हणतो, परत फॉरमॅट मारू, नाहीतर नवीन घ्या. काय करावं?

उत्तर:

तूर्त दोन्ही करू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून संशयाची सुई सरळ हार्ड डिस्ककडे जाते. डिस्क खरंच आजारी असेल, तर फॉरमॅट मारण्याने वडिलांचे हिशोब जातील आणि आजार तसाच राहील. आमच्या धंद्यात 'स्लो झालाय' म्हटलं की आधी फॉरमॅट, मग बघू, ही पद्धत फार रुजली आहे. मला ती अजिबात पटत नाही. कॉम्प्युटर संथ असतो म्हणजे तो कशाची तरी वाट बघत असतो. कशाची, हे विंडोज स्वतःच दाखवतं, आणि ते बघायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न देता गिऱ्हाइकाचा डेटा पुसणं चूक आहे.

माउसचा बाण फिरतो आणि क्लिक लागत नाही, हा तपशील तुम्ही दिलात ते फार बरं झालं. बाण हलवायला डिस्क लागत नाही. फोल्डर उघडायला, मेन्यू दाखवायला, प्रोग्रॅम सुरू करायला लागते. म्हणून डिस्क अडली की बाण मोकळा फिरतो आणि बाकी सगळं तिच्यापाशी रांग लावून उभं राहतं. डिस्क सुटली की तुंबलेली सगळी कामं एका दमात होतात. खिडक्या एकदम उघडतात त्या यामुळेच. उलट बाणसुद्धा थिजला असता, तर मी तुम्हाला कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघायला सांगितलं असतं. त्याचा दिवा लागत-विझत नसेल तर अख्खं मशीनच गोठलेलं असतं, आणि तेव्हा शोध रॅम, मदरबोर्ड, वीजपुरवठा किंवा ड्रायव्हरकडे (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) न्यावा लागतो. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

डिस्कवर संशय आहे म्हटल्यावर पहिलं काम तपासणीचं नाही, डेटा बाहेर काढण्याचं आहे. आजच काढा. बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या आणि जे परत मिळणार नाही ते सर्वांत आधी कॉपी करा: सोसायटीच्या हिशोबाच्या एक्सेल फाइल्स किंवा टॅलीचं डेटा फोल्डर, मुलीचे प्रोजेक्ट, स्कॅन केलेली कागदपत्रं. त्यानंतर फोटो. सिनेमे आणि गाणी शेवटी, जमली तर. आकारानं लहान पण मोलाच्या गोष्टी आधी, हा क्रम मोडू नका, कारण दुबळी डिस्क मोठ्या कॉपीच्या मध्यात कायमची बंद पडू शकते.

माणसं ज्या गोष्टी विसरतात आणि नंतर हळहळतात त्याही सांगतो. डेस्कटॉपवर टाकलेल्या फाइल्स सी ड्राइव्हमध्येच असतात. 'डी ड्राइव्हचा बॅकअप घेतला' म्हणजे त्या वाचल्या असं नाही. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, आउटलुक वापरत असाल तर त्याची मेलची फाइल, डाउनलोड्समध्ये पडलेल्या पावत्या. आणि मराठी घरांत, विशेषतः संस्था-सोसायटीचं काम चालतं तिथे, जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली इतिवृत्तं आणि नोटिसा असतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या प्रमाण पद्धतीत, नसतात. फाइल वाचली पण तो फॉन्ट गेला, तर पानावर अर्थहीन चिन्हं दिसतात. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले तुमचे मराठी फॉन्टही बरोबर घ्या.

कॉपी करताना एखाद्या फाइलवर गाडी अडली तर ती सोडून पुढे जा, तिच्याशी झगडू नका. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कमांड आहे, चांगली आहे. पण ती मुळात अशी बसवलेली असते की न वाचता येणाऱ्या फाइलवर १० लाख वेळा प्रयत्न करेल आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबेल. दुबळ्या डिस्कसाठी हे घातक आहे. रिट्राय आणि वेट हे दोन्ही आकडे १ करूनच ती वापरा. आणि डिस्कमधून 'टक्-टक्' असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर कॉम्प्युटर लगेच बंद करा. त्या अवस्थेत घरगुती प्रयोग नकोत, डिस्क उघडणं तर मुळीच नको. डेटा खरोखर हवा असेल तर डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडेच न्यावी.

आता तपासणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. खाली 'मोअर डिटेल्स' दिसलं तर त्यावर क्लिक करा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये जा. कॉम्प्युटर अडकलेला असतानाच हे बघायचं. सुरळीत चालू असताना बघून काही कळणार नाही. म्हणून चालू केल्या केल्या टास्क मॅनेजर उघडून तसाच ठेवा.

डिस्कवर क्लिक केलंत की दोन आकडे बघा. 'ॲक्टिव्ह टाइम' १०० टक्क्यांना टेकलेला दिसेल, आणि त्यावर सगळे घाबरतात. पण एवढ्यावरून निदान होत नाही. चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं कुठलीही जुनी हार्ड डिस्क १०० टक्के दाखवते, कारण विंडोज अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्चची अनुक्रमणिका सगळी एकदम तिच्यावर तुटून पडतात. खरा बोलका आकडा दुसरा आहे, 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम'. ठणठणीत हार्ड डिस्क कामात असताना साधारण दहा-वीस-तीस मिलिसेकंदांत (सेकंदाच्या हजाराव्या भागांत) उत्तर देते. हाच आकडा वारंवार हजार, दोन हजार, पाच हजारांवर जात असेल, आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन-लेखनाचा वेग जवळजवळ शून्य असेल, तर डिस्क काम करत नाहीये, ती आत कुठल्या तरी खराब जागेवर अडून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. नॅस (नेटवर्कवर फाइल्स साठवणारी पेटी) किंवा सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क अशा वेळी साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून देतात. घरगुती डिस्क त्याहून बराच जास्त वेळ झगडत राहते, कारण तिच्याकडे डेटाची दुसरी प्रत नसते असं धरूनच ती बनवलेली असते. तुमची ती एक-दोन मिनिटं बहुधा इथेच जातात.

याची खात्री करायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम घ्या, तोही त्याच्या अधिकृत साइटवरूनच. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. हा प्रोग्रॅम ती उघडून दाखवतो. वर 'गुड' किंवा 'कॉशन' असं लिहिलेलं असेल, पण त्यावर थांबू नका, खालच्या ओळी वाचा. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे डिस्कने खराब ठरवून बाद केलेल्या आणि राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची, म्हणजे डेटा साठवण्याच्या छोट्या कप्प्यांची, संख्या. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. कच्चे आकडे इथे हेक्स पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ) दिसतात, सेटिंगमधून नेहमीच्या दशमान पद्धतीत करून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही. माझा नियम साधा आहे. ०५ मध्ये थोडेसे सेक्टर असतील आणि महिनोन्‌महिने तेवढेच राहत असतील, तर डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला वापरता येते. सी५ शून्याच्या वर गेला, किंवा ०५ वाढत चालला, तर त्या डिस्कवर विंडोज ठेवायचं नाही आणि एकमेव प्रत तर कशाचीच ठेवायची नाही.

सी७ ही ओळ मात्र वेगळी गोष्ट सांगते, आणि ती फार कमी लोक वाचतात. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुका तिथे मोजल्या जातात. बाकी ओळी शून्य आणि फक्त सी७ मोठा असेल, तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून साटा केबलचा (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वायरीचा) किंवा सैल जोडणीचा असतो. कॅबिनेट एकदा हलवलं, साफ केलं, आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला, असं असेल तर हे आधी तपासा. केबल अगदी स्वस्तात येते. ती बदला आणि सी७ चा आकडा लिहून ठेवा. तो कमी कधीच होत नाही, पण वाढायचा थांबला तर काम झालं. चांगली डिस्क केबलपायी फेकून दिलेली मी पाहिली आहे.

या टप्प्यावर बरेच जण इंटरनेटवर वाचून चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणारी कमांड लावतात, तीही खराब सेक्टर शोधण्याच्या पर्यायासह. डेटा बाहेर काढण्याआधी हे करू नका. ती कमांड अख्खी डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचायला लावते, दुबळ्या डिस्कवर तासन्‌तास चालते, आणि फाइलींची रचना नीट करण्याच्या नादात अर्धवट वाचता येणारी फाइल कापून टाकू शकते.

दोनदा फॉरमॅट मारल्यावर काही दिवस बरं का वाटलं, तेही यातून उलगडतं. दुकानात मारतात तो क्विक फॉरमॅट असतो. त्यात सेक्टर तपासले जात नाहीत. फक्त फाइलींची यादी नवी होते. विंडोज कोरं बसतं, सुरुवातीला चालणारे प्रोग्रॅम जातात, फाइली डिस्कच्या वेगळ्या भागात लिहिल्या जातात, आणि खराब पट्टा काही काळ वाटेत येत नाही. मग डेटा वाढतो, पुन्हा त्याच पट्ट्यावर पाऊल पडतं.

समजा डिस्कची तब्येत ठणठणीत निघाली. तरीही ती संथ असण्याचं कारण उरतंच, आणि ते तिच्या बनावटीत आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, आणि डोकं त्या पट्ट्यावर सरकायला साधारण ८-९. म्हणजे विखुरलेला प्रत्येक छोटा तुकडा वाचायला १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ८० तुकडे. विंडोज सुरू होताना असे वीस हजार तुकडे लागले असं धरा: चार मिनिटं इथेच गेली. यात कुणाची चूक नाही. साध्या साटा एसएसडीला, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कला, फिरणारं काही नसतं. ती असे हजारो तुकडे सेकंदात देते. 'एसएसडी टाकली आणि जुना पीसी नवा झाला' असं लोक म्हणतात ते याच आकड्यामुळे. सलग मोठी फाइल कॉपी करण्यातला फरक तीन-चार पटींचा असतो, पण रोजच्या वापरात जाणवतो तो या छोट्या तुकड्यांचा.

इथे एक चकवा आहे आणि चांगले चांगले तंत्रज्ञ त्यात फसतात. डिस्क १०० टक्के दिसते, पण गुन्हेगार रॅम असते. तुमच्याकडे ४ जीबी आहे. विंडोज १० आणि अँटिव्हायरस मिळून त्यातली निम्मी किंवा त्याहून जास्त घेतात, उरलेल्यात ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की संपली. रॅम संपली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ढकलतं आणि लागला की परत आणतं. ओट्यावर जागा नाही म्हणून प्रत्येक डबा माळ्यावर चढवायचा आणि फोडणीच्या वेळी पुन्हा उतरवायचा, असा तो प्रकार होतो. माळा म्हणजे ती सेकंदाला ८० तुकड्यांची डिस्क.

हे ओळखायचं कसं? टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' उघडा. वापर ८५-९० टक्क्यांच्या वर सतत असेल, आणि 'कमिटेड'मधला पहिला आकडा तुमच्या ४ जीबीच्या बराच पुढे गेला असेल, तर रॅम अपुरी आहे. आणखी पक्कं हवं असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स' (रॅममध्ये नसलेला मजकूर किती वेळा डिस्कवरून आणावा लागला ते) बघा. कॉम्प्युटर अडकला की तिथला आलेख उसळत असेल, तर शंका उरत नाही. तुमच्या बाबतीत मला डिस्क आणि रॅम दोन्ही दोषी वाटतात. ४ जीबीत आज ब्राउझर आणि एक्सेल सुखानं नांदत नाहीत.

तपासताना उष्णताही बघून घ्या, कारण आठ-नऊ वर्षांच्या डेस्कटॉपमध्ये ती हमखास निघते. या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांना तापमानाची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअसची असते. त्याच्या जवळ गेले की ते स्वतःला वाचवायला वेग उतरवतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. काम जोरात चालू असताना तो साधारण ३.९ ऐवजी दीड-दोनवर घसरलेला असेल, तर कोअर टेम्पसारख्या प्रोग्रॅमने तापमान तपासा. प्रोसेसरवरचा कंपनीचा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यातली एक जरी निसटली तरी तो एका बाजूनं उचलला जातो आणि प्रोसेसर तापतो. खुंट्या दाबून बघा. थर्मल पेस्ट वाळली असेल तर पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी पुरते. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे असते, आणि खोलीचं तापमान जितकं वाढेल तितकं प्रोसेसरचंही वाढतं. त्यामुळे हिवाळ्यात बरा आणि उन्हाळ्यात संथ, अशी तक्रार आली की मी आधी पंखाच बघतो. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, त्याला वाऱ्यावर भरभर फिरू देऊ नका.

कोकणात आणि किनाऱ्यालगत दमट खारी हवा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर चढवते. मशीन बंद करून, वायर काढून, रॅम उतरवून त्या पट्ट्यांवरून साधा पांढरा खोडरबर हलके फिरवा, कण झटका, परत घट्ट बसवा. संथपणा यानं जात नाही, पण अचानक गोठणं, निळा पडदा, सुरूच न होणं हे पुष्कळदा जातं. आणि कॅबिनेटसोबत मिळणारे स्वस्त एसएमपीएस (वीजपुरवठ्याचे डबे) कमकुवत झाले की डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही. ती मधेच थांबून पुन्हा फिरू लागते आणि सगळी लक्षणं डिस्क बिघडल्याची दिसतात. जिथे व्होल्टेज सतत खालीवर होतं तिथे नवी डिस्क घेण्याआधी दुसरा एसएमपीएस लावून बघणं शहाणपणाचं.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथे नाही. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये जाऊन अँटिव्हायरस आणि टच पॅड-साउंडसारखे ड्रायव्हरचे प्रोग्रॅम सोडून बाकी बंद करा. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. सी ड्राइव्हवर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. 'पीसी फास्ट करा' म्हणणारे बूस्टर आणि रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम काढून टाका, त्यांनी वेग वाढल्याचं मी कधी पाहिलेलं नाही आणि मोडलेली विंडोज मात्र दुरुस्त केली आहेत. आणखी एक: विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून तो डिस्कवर तसाच जपून ठेवला जातो. म्हणून रोज बंद करणाऱ्याच्याही मशीनवर टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' वीस-वीस दिवस दिसतो. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करा. तेव्हा तो खरोखर नव्यानं सुरू होतो.

याला एक गंभीर अपवाद आहे. फॉरमॅटच्या वेळी विंडोज 'ॲक्टिव्हेटर' (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर) वापरून चालू केलं असेल, तर ते सॉफ्टवेअर चालावं म्हणून बहुतेक वेळा डिफेंडर बंद केलेला असतो, आणि त्यासोबत काय आत आलं हे सांगता येत नाही. काहीही उघडलेलं नसताना सीपीयू ८०-१०० टक्के आणि टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर तो खाली येत असेल, तर कुणीतरी तुमच्या विजेवर स्वतःचं काम उरकून घेत आहे असा संशय धरा. अशा मशीनवर सोसायटीचं नेटबँकिंग करू नका. सगळ्या उपायांत फक्त इथे मी कोरं विंडोज बसवायला लगेच सांगेन, आणि तेही मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं.

आता खर्च कुठे करायचा. माझ्या मते एक २.५ इंची साटा एसएसडी आणि आणखी रॅम, बस. सातव्या पिढीच्या काही बोर्डांवर एम.२ ची (एसएसडी थेट बोर्डावर बसवायची) खाच असते, काहींवर नसते, असली तरी ती साटाची की एनव्हीएमईची (साटाहून वेगवान जोडणीची) हे बघावं लागतं; २.५ इंची एसएसडी मात्र डिस्क लागते तिथे हमखास लागते. नामांकित कंपनीची, पक्क्या बिलासह, दुकानातून घ्या. ऑनलाइन विचित्र स्वस्त दिसणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या एसएसडी टाळा; त्यांत आतली खरी जागा छापलेल्या आकड्यापेक्षा फार कमी निघते आणि ती भरली की जुन्या फाइलींवरच नव्या लिहिल्या जातात. रॅम घेताना आधीची काढून तिच्यावरचं लेबल बघा. या पिढीत बहुतेक डीडीआर४ असते, पण डीडीआर३ घेणारे बोर्डही निघाले होते आणि दोन्हींच्या पट्टीवरचा काप वेगळ्या जागी असतो. दोन खाचा असतील तर आधीची ४ जीबी ठेवून दुसऱ्या खाचेत ८ ची पट्टी टाकली तरी चालते.

विंडोज नव्या एसएसडीवर कसं न्यायचं? जुनी डिस्क निरोगी असेल तर क्लोनिंग करून सगळं आहे तसं उचलता येतं. काही एसएसडी कंपन्या त्यासाठी सॉफ्टवेअर देतात, नाहीतर क्लोनझिला मोफत आहे. सी५ शून्य नसेल तर क्लोनिंगच्या भानगडीत पडू नका, ते खराब जागेवर अडेल किंवा मोडकी फाइल तशीच नव्या जागी नेईल. तिथे कोरं विंडोज आणि कॉपी केलेला डेटा हेच बरं. बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे विंडोज सुरू होण्याचा भाग चुकून तिच्यावर लिहिला जाणार नाही. विंडोजचा डिजिटल परवाना बोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे अधिकृत विंडोज असेल तर डिस्क बदलल्यावर ते इंटरनेटला जोडताच स्वतः ॲक्टिव्हेट होतं. हेच काम कुणी लॅपटॉपवर करणार असेल तर आधी बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर स्वतःचाच डेटा कुलपात राहील.

नवीन घ्यावा का, याचं उत्तर वेगावर नाही, विंडोजच्या मुदतीवर अवलंबून आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवलं की ती मिळतात. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, म्हणजे तुमचा आय-थ्री अधिकृत यादीत बसत नाही. आडवाटेनं ११ बसवून देणारे भेटतील. हिशोब आणि बँकेचं काम ज्या मशीनवर चालतं तिथे मी तो सल्ला देणार नाही. वडिलांचं काम ब्राउझर आणि एक्सेलसारख्या तक्त्यांपुरतं असेल, तर एसएसडी आणि १२ जीबी रॅमवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी बसवायची मोफत प्रणाली) याच मशीनवर आणखी काही वर्षं उत्तम चालेल. मराठी टायपिंग त्यात होतं आणि लिबरऑफिस एक्सेलच्या फाइली उघडतं. टॅलीच हवी असेल तर मात्र विंडोज लागेल, आणि मग वाढीव मुदत संपण्याआधी नवीन मशीनची तजवीज करावी. तेव्हाही आत्ता घेतलेली एसएसडी वाया जात नाही, ती नव्या डेस्कटॉपमध्ये लागते.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर कपाटात ठेवा, कारण कॉपी करायचं राहिलेलं काहीतरी वडिलांना हमखास आठवेल. सी५ शून्य असेल तर नंतर तीच बॅकअपसाठी वापरा, फक्त तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नका. खराब निघाली असेल तर भंगारात तशीच देऊ नका. सोसायटीच्या सभासदांचे फोन, बँकेचे तपशील, आधारच्या स्कॅन प्रती त्यावर आहेत आणि क्विक फॉरमॅट मारलेल्या डिस्कमधून त्या सहज बाहेर निघतात. डिस्क वाचली जात असेल तर पूर्ण फॉरमॅट मारा. विंडोज व्हिस्टापासून तो सगळीकडे शून्य लिहितो. वाचलीच जात नसेल तर ड्रिलनं आतल्या तबकड्यांना आरपार दोन-तीन भोकं पाडा, डोळ्यांवर गॉगल लावून, आणि मगच ती ई-कचऱ्यात द्या.